बसायचा मान

प्रिय आनाइकताई,

तुझ्या कोंबड्यांना आणि त्यांच्याहून जास्त कलकलाट करणाऱ्या दाजींना नमस्कार. तुझी कंबर कशी आहे?

बाबांच्या मते ते ठणठणीत आहेत. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बाहेर पडलो, ते थेट व्हर्सायच्या राजवाड्यात. "अख्खी बाग चालून दाखवतो, मग मला गावी माझ्या माडीवर सोड," ही त्यांची अट. कारंज्यांपाशी राजाच्या उधळपट्टीला मनसोक्त शिव्या घातल्या. कालव्यापाशी म्हणाले, "पुढची बागही अशीच असणार," आणि मागे वळले.

मग महाल पाहिला. राणीसमोर स्टुलावर बसायचा मान फक्त डचेस, म्हणजे बड्या सरदारांच्या बायकांना, बाकी दरबार उभा, हे आपण शाळेत घोकलंय. तिच्या दालनात बाबा भिंतीला हात टेकून थांबले. तिथल्या पहारेकरीण बाईंनी आपली खुर्ची पुढे केली. "बसा आजोबा, राणी जाऊन दोनशे वर्षं झाली. आता कोण रागावतंय?"

एरवी त्यांना 'आजोबा' म्हणणाऱ्याची खैर नसते. पण बाबा निमूट बसले, वर आभारही मानले.

शनिवारी त्यांना घेऊन येतोय. दाजींना सांगून बाबांचा पलंग माडीवरून खाली आणून ठेव. बाबांनी विचारलं तर म्हण, वरचं छप्पर गळतंय.

तुझा धाकटा,
एर्वान