माझ्या डोळ्यांनी मोजलेला समुद्र

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, सागर निरीक्षण केंद्रातून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेली नोंदणी सहायक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. अक्षर मधूनमधून हलले आहे ते रागाने. त्यावरून माझी बुद्धी ठिकाणावर नव्हती असा अर्थ कोणी काढू नये.

१. दोन खोल्यांचे हे घर त्याच केंद्रात शास्त्रज्ञ असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. तिलाच मिळावे अशी फार हौस नाही, पण दुसरे जवळचे कोणी नाही. काही कारणाने तिला देता आले नाही, तर ते केंद्राच्या लाँचच्या चालकाला मिळावे. सगळे केंद्र मला "मॅडमची बहीण" म्हणत असताना तो एकटा "बाई" म्हणत आला.

२. आईचा आरसा धाकटीला. तसाही तो लहानपणापासून तिच्याच ताब्यात होता. मी फक्त पुसत आले.

३. पांढरी तबकडी आणि खुणांचा दोर केंद्राला परत करावा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तबकडी दोराने समुद्रात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरावरचे मीटर वाचायचे. जितकी खोलवर दिसेल तितके पाणी नितळ. बघणारा बदलला की आकडा बदलतो, म्हणून सगळ्या नोंदी एकाच माणसाने कराव्यात असा केंद्राचा नियम. सत्तावीस वर्षे तो माणूस म्हणजे मी. त्या नोंदींवरचा निबंध मात्र धाकटीचा, खिडकीची खोली धाकटीची, पदकही धाकटीचे. समारंभात मला तिचा कोट सांभाळायला दिला होता. मी जळत होते आणि अजूनही जळते.

४. आता कबुली. चौदा मीटरपर्यंत दिसणारी तबकडी माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहाएक वर्षांत हळूहळू नवावर आली. समुद्र गढूळ होत चालला आहे, असे धाकटीने जगाला सांगितले. मग एक नवे यंत्र आले. पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते मोजायचे, हे त्याचे काम. त्याच्या मते पाणी होते तसेच होते. धाकटीने यंत्र दोनदा दुरुस्तीला पाठवले. "काच बिघडली असेल. आमची ताई चुकायची नाही," असे ती सगळ्यांदेखत म्हणाली.

त्यानंतर मला मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पहिल्याच फेरीत तबकडी चौदा मीटरवर स्वच्छ दिसली. मी नोंदीत नऊ लिहिले. पुढे निवृत्त होईपर्यंत नऊच लिहिले. खरे आकडे एका वेगळ्या वहीत ठेवले. धाकटीचे पदक खोटे पाडायला ती वही पुरेशी होती, आणि ती माझ्या कपाटात आहे या विचाराने मला झोप छान लागे.

ही वही धाकटीला द्यावी, पण मी गेल्यावर. तिचे तोंड बघण्याची माझी हिंमत नाही.

५. पुरवणी, त्याच दिवशी. साक्षीसाठी माझे डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांच्यामागून धाकटीही न कळवता आली आणि मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात तिने टेबलावरचा कागद वाचला. मी बाहेर आले तेव्हा तो तिच्या हातात होता.

"ताई, कुठला डोळा आधी गेला?"

"डावा."

"कधीपासून?"

मी वर्ष सांगितले. तिने वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या पाने उलटली.

"निबंध मागे घ्यावा लागेल. उद्या पत्र लिहिते. पदकही परत करते," ती म्हणाली. "आणि या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही करते. माझी सही असली की कुणी शंका काढणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही."

"माहीत आहे. पेन द्या."

ती भांडेल असे मला वाटले होते. भांडली असती तर आयुष्यात एकदा तरी आम्ही बरोबरीत आलो असतो. ती शांतपणे सही करत होती, आणि खरे लिहायचे तर तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.

वरील सर्व मजकूर माझ्याच हातचा आहे.

ठिकाण: माझ्या घरची पुढची खोली
तारीख: ९ मार्च, सकाळ

सही: थोरली बहीण

साक्षीदार पहिले: डोळ्यांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण (सही)