गादीवरच्या खडावा

६ नोव्हेंबर
खट् खट् खट्! आज सकाळी तो आवाज पुन्हा आठवला. चाळीस वर्षांपूर्वी महाराज अलखदास आमच्या शाळेत पहिल्यांदा आले, तेव्हा विटांच्या अंगणात अशाच खडावा वाजल्या होत्या. मुलं एका सुरात नदीची कविता म्हणत होती. कडवं संपेपर्यंत महाराज दारात थांबले. मग म्हणाले, "ज्याला भय, त्याला भगवंत नाही." बस्! मी त्यांचा झालो.
गावच्या जमीनदार चौधऱ्यांना त्यांनी झाडूवाल्यांच्या पंगतीत बसवलं, उष्टी काढायला लावली. कोणी काही म्हणो — ते खोटं नव्हतं.

९ नोव्हेंबर
डेऱ्याचे, म्हणजे महाराजांच्या आश्रमाचे, प्रधान सूबेसिंह आले. दयाचंदच्या खुनाच्या ज्या खटल्यात महाराज तुरुंगात आहेत, त्यात मलाही समन्स आहे. महाराजांचा ड्रायव्हर सांगतो, कालव्याच्या बंगल्यावर महाराज स्वतः उभे होते, "मारा" म्हणाले. डेऱ्याचा बचाव एकच — माझी सत्संगाची वही. खुनाच्या रात्री, अमावास्येला, माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'महाराज गादीवर विराजमान.'
"अक्षर माझंच, एवढं म्हणा मास्टरजी, अन् घरी या."

१० नोव्हेंबर
महाराज बाहेरगावी असले की गादीवर त्यांच्या खडावा. त्यांनाच हार, त्यांच्याचपुढे प्रवचन. आणि वहीत 'विराजमान'च लिहायचं. खडावा म्हणजे महाराज! तीस वर्षं श्रद्धेनं लिहिलं. न्यायाधीशाला हे कुठून ठाऊक?
त्या अमावास्येला गादीवर नुसतं लाकूड होतं. पडदा सरला तेव्हा ते आधीच मांडलेलं. कोणी मांडलं, मी पाहिलं नाही.

१३ नोव्हेंबर
प्रधानांना सांगितलं, मी खरं बोलणार. भडकले.
"म्हणजे तीस वर्षं खोटं लिहिलंत?"
"डेऱ्यात ते खरंच होतं. कोर्टात खोटं ठरतं."
"म्हातारपणी कविता सुचायला लागल्या!"
"कविताच करायची तर तुमच्या मिशांवर केली असती, प्रधानजी."

१४ नोव्हेंबर
हुक्कापाणी बंद — गावानं वाळीत टाकलं. दूधवालीही फिरकली नाही. काळा चहा. बरा लागतो!

१७ नोव्हेंबर
दयाचंद माझाच विद्यार्थी. नदीच्या कवितेचं तिसरं कडवं विसरायचा आणि खुशाल स्वतःचं जोडून म्हणायचा. मी रागवायचो, मनातून हसायचो. त्याच खोडीपायी गेला. भर सत्संगात विचारलं, "महाराज, डेऱ्याची जमीन तुमच्या भाच्याच्या नावावर कशी?"
मी मान खाली घालून लिहीत होतो. त्याचा प्रश्न मी वहीत घेतला नाही. आठव्या दिवशी तो कालव्यात सापडला.

१८ नोव्हेंबर
उद्या साक्ष. वकील म्हणे हसतील — स्वतःच्याच अक्षराविरुद्ध एकट्या म्हाताऱ्याचा शब्द! हसू देत. महाराज, भिऊ नकोस हे तुम्हीच शिकवलंत. आता शिकलो, तर रागावता?

१९ नोव्हेंबर, सकाळी सात
खट् खट् खट्!
स्वप्न नव्हे — गल्लीत. महाराजांना जामीन मिळाला की काय? तरी दार उघडलं.
भरपाईमाई. महाराजांच्या आई, पंच्याऐंशीच्या. आम्ही कापडाशिवाय हात लावत नव्हतो, त्याच खडावा पायात! मागे गल्लीभर माणसं.
माई ओट्यावर बसल्यात. घाईघाईनं हे लिहितोय.
"गादीवर मीच ठेवल्या होत्या रे, मास्टर. तो कुठं निघालाय, मला सांगून गेला होता. ऊठ, बस सुटेल."