दादाचा उधरस

दादा,

तू खोटं बोलताना गुजराती होतोस, हे मला लहानपणापासून ऐकू येतं. चार महिने माझ्या वर्कशॉपच्या बंद केबिनमध्ये तू चहा पिताना खोकायचास. मी विचारलं की म्हणायचास, "कंई नथी, खाली उधरस छे." काही नाही, नुसता खोकला. मोटरचं बेअरिंग गेलेलं नुसत्या आवाजावरून ओळखणारा मी, तुझी छाती वाजताना गप्प बसलो. मोठा भाऊ आहेस ना.

आता मला टीबी निघालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, जंतू पुष्कळांच्या छातीत शिरतो, पण शरीर त्याला कोंडून ठेवतं. तुमच्या वाढलेल्या साखरेमुळे पहारेकरी उशिरा पोचले, आणि आले तेही सुस्त."

ते सांगायला फोन केला, तेव्हा तू मराठीत बोललास. "मलाही होता. फाल्गुनातच रिपोर्ट आला होता. माझ्या पोरीचं, अस्मिताचं लग्न ठरत होतं, म्हणून औषध उशिरा सुरू केलं. दवाखान्यात माझं नाव घेऊ नकोस."

माझ्या ताटातली जिलबी 'तुला साखर आहे' म्हणून उचलणारा तूच ना?

दादा, साखर संयोगितावहिनींनाही आहे, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही. म्हणून आज, लागण कुणाकडून झाली हे विचारायला आलेल्या आरोग्यसेविकेला मी तुझं नाव सांगितलं. उद्या सकाळी ती वहिनींना तपासायला येईल. हे पत्र आधी पोचलं, तर तू त्यांना पहाटेच माहेरी धाडशील. म्हणून ते माझ्याजवळच ठेवतो.

अजून तरी तुझा धाकटा,
जयसिंग