पेटीत उरलेली जागा

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, शवपेट्या करणाऱ्या सुताराची विधवा, धंदा त्याच पेट्यांना आतून अस्तर शिवण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने, कोणीही भरीस घातलेलं नसताना लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे, डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याशिवायही चालेल, असं वकील म्हणाले. पण या घरात एका दुपारी मी हसले होते, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं असं आमच्या चर्चच्या मंडळीतले अर्धे लोक धरून चालले आहेत. त्यांतलं कोणी माझ्या पश्चात या कागदाला आडवं येऊ नये म्हणून ही तजवीज.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी पुढे केल्यास ते खोटं समजावं. कोण पुढे करील तेही मला ठाऊक आहे. त्यांची सोय कलम चारमध्ये केली आहे.

कलम १. कारखान्यामागच्या तीन खोल्या, भांड्याकुंड्यांसह, माझ्या मुलीला मिळाव्यात. ती शाळेत भूगोल शिकवते, नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी राहते, आणि भावाला मूठमाती दिल्यापासून तिने या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. बोलणं तुटलेलं नाही. वाढदिवसाला फोन येतो. “गोळ्या वेळेवर घेता ना?” असं विचारते. लहानपणापासून “अगं आई” म्हणत पदराला लटकणारी पोरगी ती, आता मला अहो-जाहो करते. मी दोनदा तिच्याकडे जाऊन त्या दुपारचा विषय काढला. दोन्ही वेळा तिने चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरी म्हणाली, “राहू द्या ना आता.” वकिलांनी सुचवलं की इथे येऊन राहिली तरच घर मिळेल, अशी अट घाला. मी म्हटलं, “अहो, मुलगी आहे ती माझी, भाडेकरू नाही.” घर बिनशर्त तिचं आहे. तिने राहावं, विकावं, नाहीतर कुलूप लावून ठेवावं.

कलम २. कारखाना, रंधे, करवती, पटाशा आणि लाकडाचा सगळा साठा ह्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सुताराला द्यावा. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. म्हणायला लागले तेव्हा त्याला साधा खिळा ठोकता येत नव्हता, चेष्टेने म्हणत; आता खरंच आहे. त्याने एवढं पाळावं: लहान मुलाच्या पेटीचे पैसे या घराने कधी घेतले नाहीत, त्यानेही घेऊ नयेत. आणि पलंगाची ऑर्डर आली की पलंग सांगितल्यापेक्षा वीतभर लांब करावा. गिऱ्हाईक कुरकुर करतं, खोलीत मावत नाही म्हणतं. करू द्यावी कुरकुर. कारण कलम पाचमध्ये येईल.

कलम ३. बँकेतली ठेव इस्पितळाच्या ज्या वॉर्डात माझा मुलगा शेवटी होता, त्या वॉर्डाला द्यावी. तिथे आजाऱ्याजवळ बसणाऱ्याला एक लोखंडी स्टूल मिळतं. त्या स्टुलावर बसून मी देवाला जे काही बोलले ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखं नाही. या पैशांतून पाठ टेकता येईल अशा खुर्च्या घ्याव्यात. असली भांडणं लांबत जातात, पाठीला आधार हवा. माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम ४. बाहेरच्या खोलीतली उंच पाठीची खुर्ची धाकट्या दिरांना द्यावी. पुतण्याला पुरून आल्यावर याच खुर्चीत बसून त्यांनी भरल्या घरात विचारलं होतं, “ही आई आहे की कोण आहे?” खुर्चीचा खिळा वर आला आहे, बसणाऱ्याला टोचतो. सुताराच्या घरात तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. दिरांना मी केव्हाच क्षमा केली आहे. पण क्षमा केली की खुर्चीही गादीची द्यावी, असं प्रभूने कुठे सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब आता प्रभूपाशी आहेत, नाहीतर त्यांनाही काहीतरी दिलंच असतं. ते घरी आले आणि चुळबुळत म्हणाले, “ताई, थोडे दिवस गायनाला उभ्या राहू नका. लोकांना त्रास होतो.”

“कशाचा?”

“तुमच्या चेहऱ्याचा. म्हणजे, दुःख झाल्यासारखा दिसत नाही तो.”

पुढच्याच रविवारी मी पहिल्या रांगेत उभी राहिले आणि सगळ्यांच्या वरचा सूर लावला. माझा आवाज फाटका आहे, त्या दिवशी जास्तच फाटला. मला कोणी खाली बसवू शकलं नाही. आजपर्यंत बसवू शकलेलं नाही.

कलम ५. यात कोणालाही काही द्यायचं नाही. काय घडलं तेवढं नोंदवायचं आहे. कलमाच्या बाहेर लिहिलं तर वकील गाळतील, म्हणून कलमात लिहिते.

माझा मुलगा विजेची कामं करायचा. उंच इतका की दिवा बदलायला त्याला शिडी लागत नसे. मिसरूड फुटल्यापासून त्याचे पाय पलंगाच्या बाहेर लोंबायचे. थंडीत मी त्या पायांवर वेगळी घोंगडी टाकायची. तो बापाला म्हणायचा, “बाबा, मेलेल्यांना मापात झोपवता, मला जिवंतपणी एक लांब पलंग करून द्या की.” ह्यांचं उत्तर ठरलेलं, “हातातल्या ऑर्डरी उरकू देत.” ऑर्डरी काही उरकल्या नाहीत. माणसं मरायची थांबत नाहीत.

मग तो आजारी पडला. वॉर्डात पडून पडून झिजला, अंगावरचा सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला. तो गेला तेव्हा पेटी आपणच करणार, असा ह्यांनी हट्ट धरला. आमच्या कामाची रीत अशी की कोणीही गेलं तरी आधी टेप घेऊन जायचं आणि माप घ्यायचं. ओळखीचा माणूस असला तरी घ्यायचं. उस्तादने टेप उचलला, तर हे त्याच्यावर खेकसले, “माझ्या पोराचं माप मला विचारतोस?” आणि आठवणीवरून फळ्या कापल्या. मी अस्तर शिवायला घेतलं तेव्हा कापड जास्त लागतंय हे माझ्या लक्षात आलं होतं. पण कोण बोलणार त्या माणसाला?

मुलाला पेटीत ठेवलं. दोन्ही खांद्यांपाशी वीतभर जागा उरली. पायांपाशी तर विचारूच नका, बापाच्या आठवणीतला पोरगा खऱ्याहून उंच निघाला. ज्या माणसाचं माप जन्मात सूतभर चुकलं नाही, त्याचं स्वतःच्या मुलाचं माप चुकलं. ह्यांनी पेटीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, “मी त्याला धडधाकटच धरून चाललो होतो गं.”

अशा वेळी आम्ही कापडाच्या गुंडाळ्या भरतो. मी कापड आणायला वळले, आणि बाकाखाली त्याच फळ्यांवरून रंध्याने काढलेल्या लाकडाच्या कुरळ्या छिलक्यांचा ढीग दिसला. लहानपणी हा पोरगा त्या ढिगात झोपायचा आणि त्याची बहीण मुठी भरभरून त्याला पुरायची. मी ओटी भरून छिलके आणले. खांद्यांपाशी भरले, कमरेपाशी भरले, पायांशी आले आणि थांबले.

मी म्हटलं, “अहो, बघा. पाय मावले.”

ह्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “झाला रे बाबा तुझा पलंग.”

आणि मी हसले. हेही हसले. आम्ही दोघं पेटीला धरून रडत होतो आणि हसत होतो, आणि मला काय झालं ते मी आज सहीनिशी सांगते: त्या बंद कारखान्यात कोणीतरी आलं. दार न वाजवता आलं आणि आमच्या मध्ये उभं राहिलं. मुलगा गेला आहे, हे मला त्या क्षणी जेवढं स्वच्छ कळलं तेवढं इस्पितळातही कळलं नव्हतं. आणि तो हरवलेला नाही, हेही तितकंच स्वच्छ कळलं. त्या आनंदाला माझ्या दुःखाची अडचण झाली नाही. तो त्याला बाजूला सरकवून बसला नाही, त्याच्याच बाकावर येऊन बसला.

दारात मुलगी उभी होती, हातात फुलं घेऊन. तिने माझं तोंड तेवढं पाहिलं. फुलं बाकावर ठेवून ती मागे वळली. तिच्यामागे बाहेर जमलेल्यांनी हसणं तेवढं ऐकलं.

ह्यांनी त्यानंतर जो जो पलंग केला तो वीतभर लांबच केला.

कलम ६. मालमत्तेचा तपशील देताना वकिलांनी विचारलं, “आणखी काही?” मी म्हटलं, “लिहा, आनंद.” ते सज्जन गृहस्थ आहेत. चष्मा पुसून म्हणाले, “बाई, मालमत्ता स्थावर किंवा जंगम असावी लागते.” मी म्हटलं, “मग स्थावर लिहा. बऱ्याच जणांनी हलवून पाहिला.”

तो रोज असतो असं मी म्हणणार नाही. अस्तरं शिवताना कित्येकदा टाके दिसेनासे व्हायचे, कापडावर डाग पडायचे आणि ते कापड बदलावं लागायचं. मुलाची कबर धुवून आले की दोन दिवस मी कोणाशी बोलत नाही. देवाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पण तो भांडण सोडून उठून गेला नाही, आणि मीही गेले नाही. ज्याची कबर तिसऱ्या दिवशी रिकामी सापडली, त्या प्रभूची मी माणूस आहे. आणि ती कबरही उसनी होती, दुसऱ्याने स्वतःसाठी खोदलेली. जन्मभर मी पेट्या आतून मऊ केल्या त्या उसनी वस्तू परत करायची आहे असं समजूनच. हे वेड असेल तर वेडीचं मृत्युपत्र म्हणून रद्द करा. मी वर जाऊन दाद मागीन. मी श्रीमंत बाई म्हणून मरते आहे.

कलम ७. माझी पेटी तयार आहे. ह्यांनी जाण्याआधी केली, ती मागच्या भिंतीला उभी आहे. माप नजरेनेच घेतलं, आणि तेव्हा मी अंगाने चांगली भरलेली होते. गेल्या महिन्यात उस्तादच्या हाताला धरून मी तिच्यात झोपून पाहिलं. ऐसपैस जागा उरते. तो म्हणाला, “काकू, कापून बारीक करू?” मी म्हटलं, “हात लावलास तर कलम दोन खोडीन.”

उरलेली जागा माझ्या मुलीने भरावी. छिलक्यांचं पोतं पेटीशेजारीच ठेवलं आहे.

बाळा, ही अट नाही. तू आली नाहीस तरी घर तुझंच आहे, आणि पेटी उस्ताद भरील. पण तू ये. काकांना बाहेर बसव, त्यांच्या खुर्चीत. दार लोटून घे. सावकाश भर, आधी खांद्यांपाशी, मग पायांशी. छिलके हलके असतात, हाताला गुदगुल्या करतात, तुला आठवत असेल. रडू आलं तर रड, तुझं रडणं मी बाकी ठेवलेलं आहे. आणि रडता रडता मध्येच दुसरं काही आलं, तर त्याला येऊ दे. दारात कोण उभं आहे ते बघू नकोस.

ठिकाण: कारखान्यामागची खोली, शिवणयंत्राशेजारी.
दिनांक: ९ मार्च २०२५. वार मुद्दाम रविवार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, कुटुंबाचे डॉक्टर: (सही)
साक्षीदार दुसऱ्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या: (सही)

आम्ही दोघे वर सही करून लिहून देतो की बाईंनी हा कागद आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.