नपतीचं विचारताना

आई, सिमरोलजवळ एक प्लॉट घेतो आहे. विकणारा माझ्याच ऑफिसातला, रोज माझ्या शेजारी बसून डबा खाणारा. पटवाऱ्याकडून जमीन मोजून घेऊ या, नपती करून घेऊ या, एवढं एक वाक्य त्याला म्हणायला मला कितीतरी दिवस जमलं नाही. त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, असं त्याला वाटलं तर? संध्याकाळी तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढे दिवा लावून बसलो की मात्र तू आठवायचीस.

मी लहान असताना बाबांची मिल बंद झाली, चाळीतली खोली सोडावी लागणार होती, आणि बाबांनी हातोदला घरापुरती जागा घ्यायचं ठरवलं. जागा मिलमध्ये शेजारच्या साच्यावर कापड विणणाऱ्या त्यांच्या मित्राची. ते मित्र, आमचे काका, खोलीत बसले आहेत, तू पोहे वाढते आहेस. वरून शेव घालता घालता तू विचारतेस, "भाऊजी, नपती कधी करायची?" काकांनी बशी खाली ठेवली. "काय वहिनी, मिल बंद झाली तर भरोसा पण बंद?" तू म्हणालीस, "भरोसा आहे म्हणून तोंडावर विचारतेय. नसता तर पाठीमागे विचारलं असतं." ते गेल्यावर बाबा तडकले, "अगं, ह्याच्या भरोशावर मी चालता साचा सोडून पाणी प्यायला जायचो!" काका बरेच दिवस फिरकले नाहीत. बाबा तुझ्याशी बोलेनात. जागा गेली आणि मित्रही गेला, असंच मला वाटलं. मग एके सकाळी काका स्वतःच पटवाऱ्याला बरोबर घेऊन आपल्याला जागेवर न्यायला आले. शेतात मोजणीची साखळी ओढली गेली, आणि जागा त्यांनी सांगितली तेवढी आणि तिथेच निघाली. "बघितलंस?" बाबा म्हणाले. "बघितलं. आता पोरांना भांडायला काही उरलं नाही," तू म्हणालीस, कोपऱ्यावर नारळ फोडलास आणि पहिला तुकडा काकांच्या हातावर ठेवलास.

तिथल्याच शाळेत मी शिकलो. पुढे आजूबाजूला कॉलन्या उठल्या, भाव चढले, सख्खे भाऊ वीतभर जमिनीसाठी कोर्टात गेले. काकांच्या मुलांकडून दिवाळीचं ताट मात्र आजही आपल्याकडे येतं. त्या ताटाला हात लावताना मी मनातल्या मनात तुला नमस्कार करतो.

काल शेवटी ऑफिसात विचारलं. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "करून घ्या भिया, जागा नक्की किती ते मला पण एकदाचं कळेल." हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. नपती मला हवी आहे, असं मी म्हणालोच नाही. आमच्या आईचा आग्रह आहे, असं म्हणालो. "मग माताजींना पण आणा जागा बघायला," तो म्हणाला. आणि मी हो म्हणून बसलो.