रिकाम्याला अधिक

३ नोव्हेंबर, सोमवार

सरांचा सत्कार! पंचाहत्तरीचा! शनिवारी, कॉलेजच्या सभागृहात. नात त्याच कॉलेजात; तिच्या वहीतून पत्रिका पडली तेव्हा कळलं. रक्तदाबाची गोळी घेतली. की दोनदा घेतली?

बावीस वर्षं झाली. याच माणसानं भर वर्गात माझ्या तक्त्यावर छडी आपटली. ‘पेशीचा श्वास’ – सहा फुटी, चार रंगांत, अकरा दिवस राबून काढलेला. "अधिकचं चिन्ह भलत्यालाच! पेंटर, डोकं रंगाच्या डब्यात बुडवलंस का?" पोरं खिदळली. कॉलेजचं काम सुटलं ते सुटलंच. पुढं जन्मभर नंबरप्लेटा.

कागदावर होतं तसंच मी रंगवलं. सरांनीच चुकीचं लिहून दिलं आणि माझ्यावर ढकललं. शनिवारी तो कागद त्यांच्या हारालाच टाचतो!

४ नोव्हेंबर

माळा पालथा घातला. कागद नाही. शिडीवरून पडलो असतो तर?

ही खालून म्हणते, "वाळवीनं केव्हाच पीठ केलं असेल त्याचं. किती उगाळाल?" उगाळणार! हिला काय कळायचं? तशी बिचारीनं मेहनत केली. सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ही ते मोठं, ठसठशीत उतरवून द्यायची, मग मी रंगवायचो. मी चौथी, ही सातवी.

५ नोव्हेंबर

वैऱ्याची विद्या आपल्याला यावी. नातीला बसवलं.

अन्न फुटलं की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. एनएडी नावाचा हमाल त्यातले दोन उचलतो. ओझं चढलं की त्याचं नाव एनएडीएच. पेशीतल्या एका पडद्याशी नेऊन तो ते उतरवतो आणि रिकामा परत फिरतो, पुढच्या खेपेला. इलेक्ट्रॉन तिथून हातोहात खाली जातात. त्या उतारावर पेशीची ताकद बनते. शेवटी प्राणवायू उभा – तो ते घेतो.

"आणि तो नसला तर?"

"मग कुणाचंच ओझं उतरत नाही, आजोबा. सगळे भरलेले अडकून बसतात. खेळ खलास!"

बावीस वर्षं मी भरलेला फिरतोय. शनिवारी उतरवणार – सरांच्या डोक्यावर!

मग जपून विचारलं, अधिकचं चिन्ह कुणाला? "रिकाम्याला." थट्टा करतेस का, म्हटलं. "अहो, इलेक्ट्रॉन ऋण असतात ना! ते चढले की अधिक जातं."

माझ्या तक्त्यावर ते भरलेल्याला होतं. म्हणजे तक्ता चुकलेलाच होता. उत्तम! म्हणजे सरांना स्वतःचाच विषय येत नव्हता. आता सोडत नाही.

६ नोव्हेंबर

भाषण चार वेळा म्हटलं. चारही वेळा ‘नालायक’पाशी अडखळलो.

७ नोव्हेंबर

ही बहिणीकडे गेली होती. उद्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं. सुईसाठी हिच्या शिलाई मशीनचा खण उघडला. तळाशी पाकीट.

एका टाचणीत दोन कागद. आधी सरांच्या मुंग्या. भिंग लावलं. रिकामा – त्याला अधिक. स्वच्छ दिसतंय. मागे हिचं ठसठशीत अक्षर. अधिक भरलेल्याला. समासात बारीक पेन्सिलीनं – ‘रिकाम्याला अधिक कसं असेल? सरांची नजरचूक दिसते.’

बावीस वर्षं रोज माझ्या शिव्या ऐकत ही याच मशीनवर बसली.

टाचणी होती तशी लावली. पाकीट होतं तिथं ठेवलं. बटण राहिलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सरांच्या कानाशी वाकून म्हणालो, "अधिक मीच हलवलं होतं." ते म्हणाले, "कसलं अधिक?"

घरी आलो तर ही दारातच उभी होती. "मिळाला का तो कागद?"

"नाही गं. वाळवीनं खाल्ला."