तारेतला झोल

बाई, त्या सकाळी मी पाणी भरलं, मुलीच्या वेण्या घातल्या, दोघींचे डबे केले आणि कात्रजची बस पकडून तुमच्याआधी कारखान्यात पोचले. रॉकेटमध्ये बसणाऱ्या एका यंत्राची पेटी टेबलावर होती. आदल्या संध्याकाळी तुम्ही ती तपासून सही केली होतीत. फक्त झाकण लावायचं राहिलं होतं. आतल्या तारेला तुम्ही शिकवलं तसा मी झोल ठेवला होता, पण सकाळच्या उजेडात तो मला गबाळा दिसला. नवरा गेल्यावर तुम्हीच मला या कामाला लावलंत, आणि पहिल्याच आठवड्यात बजावलं होतंत, "अगं, रुखवत मांडत नाहीयेस. आत बघायला कोणी येणार नाही. उडताना नुसत्या आवाजानं सगळं थरथरतं, तारेला हलायला जागा ठेव." मला ते पाठ होतं. तरी मी तारेला बांधलेला दोरा सोडला, तार ओढून सरळ केली, पुन्हा बांधली आणि झाकण लावलं. घरी चादरीला सुरकुती चालत नाही मला; तीच खोड.

आठवड्यानं पेटी परत आली. चाचणीत जोरात हलवल्यावर तीच तार सांध्यापाशी तुटली होती. मालकांनी ती तुमच्यापुढे ठेवली. "सही तुमचीच ना, बाई? की डोळे मिटून करता?" तुम्ही तारेकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "सही माझीच आहे," एवढंच म्हणालात. मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी मान वर केली नाही. बोलले तर माझी नोकरी जाईल, मुलीची शाळा सुटेल, एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळी दारात तुम्ही मागं वळून म्हणालात, "डबा विसरलीस बघ."

तुम्ही हे जग सोडून आता बरीच वर्षं झाली. मुलगी शिकली, कमावती झाली. मी नारायण पेठेतल्या वाचनालयातून रॉकेटवरची मिळतील ती पुस्तकं आणते, अडलं की पुन्हा वाचते. परवा एकात सापडलं, ताणलेली तार सांध्यापाशीच का तुटते ते. म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं असणार. झोल तुम्ही स्वतः बघितला होतात. तुम्ही होतात तेव्हा शनिवार पेठेत तुमच्या जिन्यापर्यंत मी दोनदा आले आणि परत फिरले. आता हे पत्र कुठं टाकू?

त्या नोकरीनं मला तारलं, असं मी सगळ्यांना सांगते. एक गोष्ट सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला विचारलं, "बाईंचं तपासणीचं काम कराल का?" मी लगेच हो म्हणाले.